वैजूताईंचं कोपर

वैजूताईंची नक्कल आवाजापासून सुरू करणारा माणूस फसतो. आवाज साधाच, जरा बसलेला. दिवसभर पोरींना "सांस रोको, सांस रोको" ओरडणाऱ्या बाईचा असतो तसा. त्यांची नक्कल सुरू होते उजव्या कोपरापासून. डावा हात मजेत झोके घेत चाललाय आणि उजवं कोपर मात्र अंगापासून चार बोटं बाहेर. जसं काही त्या बाजूनं न दिसणारं एखादं पोर चिकटून चाललंय आणि त्याच्या डोक्याला कोपर लागू नये. मान सरळ, नजर लांब, आणि वळायचं असलं की आधी डावा खांदा.

एवढं जमलं की बनारसला दूधविनायकाच्या गल्लीत कोणालाही विचारा. पानवाला, फुलवाली, खाली पंचगंगा घाटावरचे नाववाले, सगळे एका दमात सांगतील, "अरे, ये तो अपनी दीदी हैं!"

त्या कोपराखाली, कुर्त्याच्या आत, कमरेला काय असायचं तेही सगळ्यांना माहीत होतं. बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. लायसनवालं. आणि लपवलेलं. म्हणजे ताईंच्या समजुतीप्रमाणे लपवलेलं.

आम्ही मूळचे दर्यापूरचे. बाबांची बँकेत बदली झाली आणि मी थेट बनारसला येऊन पडले, बी.ए.ला. दर्यापूरच्या शाळेत मी एकच विषय मन लावून केला होता, तो म्हणजे सगळ्या मास्तरांच्या नकला. इथे मास्तर नवे, भाषा हिंदी, ओळख कोणाची नाही. मग करणार काय? वरच्या मजल्यावर एक चाळिशीच्या बाई राहतात, कॉलेजात मुलींना नेमबाजी शिकवतात, घरात त्यांची आई माई, दोघीच. सामान लावून होतंय न होतंय तोच मी त्यांची चाल उचलली. जिन्यात माझ्या आईला करून दाखवत होते, तर आईचा चेहरा एकदम गणपतीच्या पाटासारखा सपाट. मागे वैजूताई.

मला वाटलं, आता खैर नाही. बाई एक पायरी खाली आल्या आणि म्हणाल्या, "परत कर."

"सॉरी ताई..."

"सॉरी नको. परत कर. चाल."

मी चालले.

"कोपर का बाहेर काढलंस?"

"तुम्ही काढता म्हणून."

"मी?" त्या स्वतःच्या कोपराकडे असं बघायला लागल्या जसं ते दुसऱ्या कोणाचं आहे. मग हळूच म्हणाल्या, "आणखी काय करते मी?"

आता मला हुरूप आला. मी सांगितलं, खुर्चीत बसताना कुर्ता पुढे ओढता. रिक्षात कायम उजव्या कडेला बसता. कोणी गळ्यात पडायला आलं की डावा खांदा पुढे करता, जसं काही उजव्या बाजूला ताजा रंग लावलाय. आणि गर्दीत शिरायच्या आधी एकदा कमरेला हात लावून बघता, घरातून निघताना आपण कुलूप ओढून बघतो तसा.

ताई पायरीवर बसल्याच. "अगं, म्हणजे सगळं दिसतंय की!"

तेव्हापासून रोज सकाळी, कॉलेजला निघायच्या आधी, आमच्या दारासमोर परेड. त्या चालायच्या, मी बघायची. "कोपर!" मी ओरडले की कोपर आत. "कुर्ता सोडा!" की हात लांब. नेमबाजीत जिल्ह्यात पहिली आलेली बाई माझ्यासारख्या माकडीच्या हाताखाली चालायला शिकत होती. मला म्हणायच्याही माकडीच. "ए माकडे, आज पास की फेल?" बहुतेक वेळा फेल.

हे सगळं कशासाठी, ते मला आईकडून कळलं. आईला कळलं फुलवालीकडून. फुलवालीला म्हणजे सगळ्या काशीला.

ताईंच्या हाताखाली रिंकी नावाची एक मुलगी शिकायची. एका संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाबाहेर एक मुलगा तिचा हात धरून तिला गाडीत ओढत होता. ताई ओरडत धावल्या. रिंकी सुटली, गाडी पळाली, पण ताईंनी मुलाचं तोंडही बघितलं आणि नंबरही. रिंकीनं तक्रार केली, ताई साक्षीदार. मुलगा होता मोठ्या घरचा. त्याच्या आईला सगळे कोठीवाली चाची म्हणायचे. घाटावर त्यांचं गेस्ट हाऊस, पुढच्या चौकात दुसरं, आणि मधल्या सगळ्या दुकानदारांचे नमस्कार. मग एक दिवस मोटरसायकलवर दोघे आले आणि ताईंना म्हणाले, "मैडम, घाट की सीढ़ियाँ हैं, गवाही से पहले पैर फिसल जाता है।" ताईंनी पोलिसांत कळवलं आणि लायसनचा अर्ज केला. चपला झिजेपर्यंत खेटे घातले तेव्हा कुठे ते हातात आलं.

पण ताईंना मोटरसायकलवाल्यांपेक्षा जास्त भीती होती ती माईंची. माईंना धमकीबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं तर माई नागपूरला ताईंच्या भावाला, श्रीदादाला फोन करणार, दादा पहिल्या गाडीनं येणार आणि दोघींना उचलून नेणार. तो तशीही दर रविवारी फोनवर तेच म्हणायचा, "काय ठेवलंय तिथे? या इकडे." ताई नागपूरला गेल्या की रिंकी कोर्टात एकटी पडणार. आणि एकट्या पोरीचं कोर्टात काय होतं ते सांगायला नको.

म्हणून लपवायचं ते माईंपासून. बाकी गल्लीला माहीत असलं तर असो.

आता लपवायचं म्हटलं तर कपडे आले. यावर ताई तासन्‌तास बोलू शकत. साडी त्या सणालाच नेसायच्या. रोजचं म्हणजे कुर्ता, जीन्स, कधी टी-शर्ट. प्रत्येक कपड्याचा त्यांनी स्वभाव ठरवून टाकला होता. टी-शर्ट म्हणजे चुगलखोर. लेगिंग म्हणजे थेट पोलीस रिपोर्ट. जीन्स कामाची, पण पट्टा जाड हवा, नाहीतर एका बाजूनं अशी खाली उतरते की चालणारा माणूस तराजू वाटतो. सैल सुती कुर्ता तेवढा एकटा सज्जन. तोही छापील. "प्लेनवर सावली पडते. बुट्ट्यांत बुट्टी खपून जाते," त्या म्हणायच्या. दुकानात कपडा घेताना बाकीच्या बायका गळ्याशी धरून आरशात बघतात. या बाई कमरेशी धरून, खाली वाकून, बाजूला वळून, हात वर करून बघायच्या. दुकानदाराला वाटायचं, मॅडम योगासनं शिकवतात.

मी एकदा शहाणपणा केला. "ताई, एवढं कशाला? पर्समध्ये टाका ना."

"आणि पर्स ओढून नेली म्हणजे? माझं रिव्हॉल्व्हर घेऊन चोर मजेत फिरणार आणि मी ठाण्यात अर्ज लिहीत बसणार? अंगावरच पाहिजे." मग जीन्सच्या खिशात दोन बोटं घालून दाखवायच्या. "हा खिसा बघ. यात रुमाल जात नाही. पुरुषांच्या खिशात अख्खं घर जातं आणि तरी तेच आपल्याला विचारतात, चावी कुठे ठेवली!"

तिकडे यूपीत बंदूक लपवायची वस्तू नाहीच मुळी. लग्नाची वरात निघाली की नवरदेवाचे काका खांद्याला दुनाळी लटकवून नाचतात. एकदा अशीच वरात आमच्या अंगावरून गेली. ताईंनी नाक मुरडलं.

"हे बघ. याला कोणी मारायला येत नाहीये, तरी मिरवतोय. दाखवली की ती धमकी होते गं. मला धमकी नाही द्यायची कोणाला. मला फक्त सोबत पाहिजे."

"पण वेळ आलीच तर?"

"वेळ आली तर आधी पळायचं. मग ओरडायचं. मग परत पळायचं. ही सगळ्यात शेवटी." पोरींनाही हेच शिकवायच्या. नेमबाजीच्या वर्गात पहिला धडा पळण्याचा, असा वर्ग हिंदुस्थानात दुसरा नसेल.

आणि वेळ आली म्हणजे काय होतं, ते मी एकदा डोळ्यांनी बघितलं. आम्ही दोघी पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरत होतो. वरून एक माकड आलं. माकड म्हणजे अगदी पैलवान. त्यानं ताईंची ओढणी धरली. ताईंनी दुसरं टोक धरलं. माकडानं हिसका दिला, ओढणीबरोबर कुर्ताही वर सरकायला लागला. आता एक हात ओढणीला, एक हात कुर्त्याला, मधे ताई, आणि घाटावरचे सगळे पंडे, नाववाले, यात्रेकरू टक लावून बघतायत.

मी ओरडले, "ताई, काढा ना!"

"अगं हनुमानजींवर?"

आणि त्यांनी ओढणी सोडून दिली. दोन्ही हातांनी कुर्ता खाली ओढून धरला. माकड ओढणी घेऊन भिंतीवर बसलं आणि ती डोक्यावर घेऊन असं बघायला लागलं जसं नवरी मुलगी. एक नाववाला खालून म्हणाला, "दीदी, लाइसेंस में बंदर नहीं लिखा था क्या?" सगळा घाट हसला. ताईही हसल्या, पण कुर्ता सोडला नाही. शेवटी दोन केळी देऊन ओढणी सोडवली.

म्हणजे बघा. घाटाला माहीत, नाववाल्याला माहीत, बहुतेक माकडालाही माहीत. राहता राहिल्या माई.

माई म्हणजे सत्तरी ओलांडलेली, नऊवारीतली, बारीक चणीची बाई. डोळे असे की पोळी लाटताना मागे मांजर आलं तर न वळता "शुक" म्हणणार. कनवटीला कायम अडकित्ता खोचलेला. सुपारी डॉक्टरांनी केव्हाच बंद केली होती, अडकित्ता काही बंद केला नव्हता. त्यांना एवढंच दिसलं होतं की लेक सारखी उजव्या कुशीला हात लावते. निदान झालं, पोटदुखी. औषध सुरू झालं, हिंग आणि ओव्याचं पाणी. रोज सकाळी, वाटीभर, समोर उभं राहून.

"माई, माझं पोट दुखत नाहीये."

"मग हात का जातो तिथे?"

ताई वाटी तोंडाला लावायच्या आणि जे तोंड करायच्या ते माझ्या नकलांमधलं सगळ्यात हिट तोंड. वर्षभर ही बाई ठणठणीत पोटावर हिंग पीत होती. पाणी पिऊन खाली आल्या की परेड. हिंगाच्या वासात. "कोपर!"

चैत्रात माईंचं हळदीकुंकू असायचं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, पण माईंनी गौर बसवायची सोडली नव्हती. कोणी तोंड वाकडं केलं तर म्हणायच्या, "गौर माझी आहे. तिनं तक्रार केली तर बघू." आणि ओटी सगळ्यांची भरायच्या. लग्न झालेली, न झालेली, नवरा गेलेली, नवरा सोडलेली. दारात आलेली बाई रिकामी जायची नाही, एवढा एकच नियम.

त्या वर्षी हळदीकुंकू आलं शनिवारी आणि ताईंची साक्ष लागली होती सोमवारी. मी आणि आई सकाळपासून वर. कैरीची डाळ वाटली, पन्हं केलं, हरभरे उपसले. संध्याकाळी गल्लीतल्या मराठी बायका जमल्या, दोन-चार शेजारच्या हिंदीवाल्या. गप्पा रंगल्या आणि दारात चपला काढायचा आवाज आला. कोठीवाली चाची.

बोलावणं नव्हतं. हातात पेढ्यांचा डबा. बनारसी साडी अशी जड की ती आधी आत आली आणि चाची मागून.

"बहिनजी, सुना आपके यहाँ हल्दी-कुमकुम है। हमने कहा, पड़ोस में हैं तो हम भी हो आएँ।"

माई म्हणाल्या, "आइए, बैठिए." दुसरं काय म्हणणार? हळदीकुंकवाला आलेल्या बाईला परत पाठवत नाहीत. चाची हे ओळखूनच आली होती.

पन्हं घेतलं, डाळीचं कौतुक केलं, आणि मग आवाज अगदी बालूशाहीसारखा करून म्हणाली, "बिटिया बहुत भागदौड़ करती है आपकी। सोमवार को ज़रा तबियत ख़राब हो जाए, घर में आराम कर ले, तो किसका क्या बिगड़ेगा? बच्चे हैं, बच्चों से ग़लती हो जाती है। और आपकी भी उमर है, सीढ़ियाँ हैं..."

मी पन्ह्याचा ट्रे खाली ठेवून दिला. माईंना सोमवारचं काही माहीत नाही आणि ही बाई सगळं उघडं करत चाललीय! आणि नेमक्या तेव्हाच ताई दारात. कॉलेजातून थेट, घामाघूम, छापील कुर्त्यात. चाचीला बघितलं आणि पाय तिथेच थांबले. एरवी घरी आल्यावर त्या आधी आतल्या खोलीत जायच्या, कपाट उघडायच्या, कुलूप लावायच्या आणि मग बाहेर यायच्या.

"वैजू, आलीस? बैस. ओटी भरून घे आधी," माई म्हणाल्या.

"माई, आले हं, कपडे बदलून..."

"पाटावर बैस."

माईंच्या या आवाजाची नक्कल मला अजून जमलेली नाही. ताई पाटावर बसल्या. ओढणी पुढे पसरली. ती धरायला दोन्ही हात लागतात, म्हणजे कुर्ता सांभाळायला हात उरला नाही. मी लांबून नुसतं ओठांनी म्हणत होते, कोपर, कोपर. माईंनी कुंकू लावलं. हरभरे घातले. मग नारळ घेतला आणि ओटीत सोडला. तो ओढणीत उजवीकडे घरंगळला.

टण्.

नारळाचा हा आवाज नाही, हे खोलीतल्या प्रत्येक बाईला कळलं. कोणाचा चमचा वाटीत वाजेना. ताईंचं तोंड हिंग प्यायल्यासारखं. चाचीची नजर ताईंच्या कमरेवर. आणि माई? माईंनी शांतपणे नारळ जरा डावीकडे सरकवला, हात पुसले आणि चाचीकडे वळून म्हणाल्या, "नारियल पक्का है। आवाज़ से पता चलता है।"

मग दुसरा नारळ उचलला. "अब आप आइए. पल्ला पसारिए।"

चाची गडबडली. पण हळदीकुंकवाला आली होती ना? आता ओटी नको म्हणता येईना. पदर पसरला. माईंनी हरभरे घातले, नारळ घातला, हळदीचं बोट लावलं आणि म्हणाल्या, "हमारे यहाँ दरवाज़े पर आई औरत को ख़ाली नहीं भेजते। और सोमवार को बिटिया कचहरी जाएगी। मैं साथ जाऊँगी। सीढ़ियाँ मैं पैंतालीस साल से उतर रही हूँ।"

चाची उठली. ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून जिना उतरली. पेढ्यांचा डबा माईंनी तिच्या मागोमाग माझ्या आईच्या हातून परत पाठवला, वर मूठभर डाळ घालून.

बायका गेल्यावर ताई पाटावरच बसून होत्या.

"माई, तुला कधीपासून..."

"या घरात धुणं वाळत कोण घालतं? प्रत्येक कुर्त्याची उजवीकडचीच शिवण उसवते. मीच तर दुहेरी टीप मारतेय वर्षभर. तुला वाटलं, आपोआप टिकतात? आणि धमकीचं, सोमवारचं, सगळं फुलवालीनं केव्हाच सांगितलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू सांगितलंस का मला? तुला वाटत होतं मला माहीत नाही, म्हणून तू निवांत होतीस. मी म्हटलं, राहू दे निवांत."

ताईंनी ओटीतला नारळ खाली ठेवला. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "माई, आणि ते हिंगाचं पाणी?"

"ते काय, माहीत नाही असं दाखवायला काहीतरी करायला नको?" माई ताटं उचलत म्हणाल्या. "आणि पोट साफ राहतं."

"आणि श्रीदादा?"

"त्याला मी सांगितलंय, गाड्यांना आरक्षण नाही."

सोमवारी आम्ही निघालो. रिव्हॉल्व्हर घरी कपाटात कुलपात. कोर्टात ते चालत नाही. रिंकी आणि तिचे वडील फाटकाशी उभे होते. आत जाताना बायकांची तपासणी वेगळी. ताई गेल्या, मी गेले, काही नाही. माईंच्या कमरेला शिपाईणबाईचा हात लागला आणि ती थबकली.

"अम्मा, ये क्या है?"

माईंनी कनवटीतून अडकित्ता काढला. चांगला पितळी, जडशीळ.

"सुपारी खाती हैं?"

"नहीं. डॉक्टर ने मना किया है।"

"तो फिर ये?"

शिपाईणबाईनं एकदा माईंकडे, एकदा ताईंकडे बघितलं, हसू दाबलं आणि अडकित्ता आपल्या टेबलावर ठेवून घेतला. "जाते समय ले लीजिएगा।"

साक्षीच्या वेळी मी आणि माई कोर्टाच्या खोलीबाहेर बाकावर होतो. आत काय झालं ते मला रिंकीनं बाहेर येऊन सांगितलं आणि मी तिथल्या तिथे बाकावर माईंना करून दाखवलं. चाचीच्या मुलाचा वकील, गाऊन सावरत: "मैडम, आप तो कमर में हथियार लेकर घूमती हैं। आपको भला किसका डर?" आणि आमच्या ताई, बसक्या आवाजात: "आपके मुवक्किल का।" मग त्यांनी त्या अशिलाच्या गाडीचा नंबर सांगितला, जागा सांगितली, मुलाकडे बोट दाखवलं. बोटाची दिशा नेमबाजाची, चुकणार कशी? माईंनी मला तो भाग परत करायला लावला. आणि परत.

निकाल अजून लागायचा आहे. पण जे बोलायचं ते बोलून झालं, लिहून झालं. आता कोणाचा पाय घसरून ते पुसलं जाणार नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांची बदली झाली आणि आम्ही बनारस सोडलं. निरोपाच्या वेळी ताई प्रॅक्टिसला होत्या, त्यामुळे मनात राहिलं ते त्या सोमवारचंच. कोर्टातून परत येताना दोघी मायलेकी माझ्यापुढे गल्लीतून चालल्या होत्या. मी सवयीनं मागून नक्कल सुरू केली आणि गोंधळले. ताईंचे दोन्ही हात शाळा सुटलेल्या पोरीसारखे झोके घेत होते. उजवं, डावं, काही फरक नाही. मला धरायला काही सापडेचना.

मग माईंकडे लक्ष गेलं. परत मिळालेला अडकित्ता कनवटीला, मान सरळ, नजर लांब, आणि उजवा हात अंगापासून चार बोटं बाहेर.

ताईंनी वळूनही बघितलं नाही. नुसत्या म्हणाल्या, "माई, कोपर."

आणि माईंनी कोपर आत घेतलं.